कोरल मिटलं म्हणून बाटली उघडू नका

गेल्या महिन्यात ठाण्यात आमची बैठक झाली. खाऱ्या पाण्याचे टँक ठेवणारे आम्ही वीस-पंचवीस जण कुणाच्या तरी हॉलमध्ये जमतो, काचेसमोर उकिडवे बसतो आणि चहा गार होऊ देतो. या वेळी आमच्यातल्या सर्वांत ज्येष्ठ सभासदांनी ‘सॉफ्ट कोरल का उघडत नाही’ यावर तासभर बोलून शेवटी सहा कलमांचा एक कागद वाटला. त्या कागदाचा फोटो एव्हाना पुण्या-नाशिकपर्यंत पोचलाय, म्हणून हे लिहिणं आलं. गृहस्थांना मी मानतो. माझा पहिला टँक त्यांनीच बसवून दिला, पहिलं जीएसपी (ग्रीन स्टार पॉलिप) मी त्यांच्याच दगडावरून सोलून आणलं. पण कागद चुकीचा आहे, आणि त्यातलं सहावं कलम माणसाच्या जिवावर बेतेल असं आहे. त्याकडे शेवटी येतो.

कागदाचा सगळा डोलारा एका गृहीतावर उभा आहे. कोरल मिटलं म्हणजे त्याला काहीतरी कमी पडतंय. काय ते ठरवा, बाटली आणा, ओता. आयोडीन, स्ट्रॉन्शियम, अमिनो ॲसिड, आणि काहीच लागू पडलं नाही तर लाइट वाढवा. शनी वाकडा आहे म्हणून एकामागून एक खडे बोटांत चढवत जावेत, तसा हा प्रकार.

लेदर, म्हणजे सार्कोफायटन, घ्या. ही हजारो पॉलिपांची एक वसाहत असते आणि प्रत्येक पॉलिपला पिसासारख्या आठ भुजा असतात. धोका वाटला की वसाहत अंगातलं पाणी टाकते, भुजा आत ओढते आणि आक्रसून बसते. शेजाऱ्याने डंख केला, खेकडा अंगावरून गेला, सॅलिनिटी हलली, प्रकाश एकदम वाढला, पाण्यात नको ते आलं, की हे होतं. ‘काहीतरी कमी’ हे कारण या यादीत फार खाली येतं. म्हणून विचारायचं ते ‘गेल्या दोन आठवड्यांत काय बदललं?’ एवढंच. त्याचं उत्तर बाटलीच्या लेबलावर नसतं. वहीत असतं, वही ठेवली असेल तर.

आणि कधी कधी काहीच बदललेलं नसतं. माझं लेदर गेल्या पावसाळ्यात असंच मिटलं. एरवी मखमली दिसणारी त्याची छत्री वाळलेल्या चपलेच्या तळासारखी गुळगुळीत आणि चकचकीत झाली. एक पॉलिप दिसेना. पाचव्या दिवशी त्यावर तपकिरी शेवाळाची पुसट धूळ बसली. घरच्यांनी ‘गेलं का ते?’ विचारायला सुरुवात केली. नवव्या दिवशी दुधावरची साय चमच्याने ओढावी तसा एका कडेला पातळ पापुद्रा सुटलेला दिसला. वेव्हमेकर जरासा त्या बाजूला वळवला, बस. संध्याकाळपर्यंत पापुद्रा शेवाळासकट उडून गेला आणि दुसऱ्या दिवशी छत्री पुन्हा केसाळ. लेदर आपल्या अंगावरचा मेणचट थर असा अधूनमधून टाकतं. त्यासाठी त्याला लागतो तो पाण्याचा प्रवाह, आणि मालकाने गप्प बसणं. मी तिसऱ्या दिवशी आयोडीन घातलं असतं तर दहाव्या दिवशी श्रेय आयोडीनला गेलं असतं. अशाच फुकटच्या श्रेयांतून तो कागद तयार झालाय.

आयोडीनचं निघालंच आहे तर. समुद्राच्या पाण्यात ते लिटरला साधारण ०.०६ मिलिग्रॅम असतं. माशांच्या खाण्यातून आणि बदललेल्या पाण्यातून ते टँकमध्ये येतच राहतं. घरगुती किटवर इतकी बारीक मात्रा भरवशाने मोजता येत नाही, म्हणजे आपण न मोजता ओततो. आणि हाच पदार्थ आपण जखमेवरचे जंतू मारायला लावतो. रीफ टँकच्या रसायनशास्त्रावर आयुष्यभर लिहिणाऱ्या रँडी होम्स-फार्ली यांनी हा विषय तपासून वेगळं आयोडीन घालायची शिफारस करत नाही असंच म्हटलंय. ‘झेनिया धडधडायची थांबली की आयोडीन’ हे पहिलं कलम तर आमच्या मंडळींना तोंडपाठ आहे. पण या मऊ प्रवाळाची ही धडधड कशासाठी असते? इस्रायलमधल्या एलात इथल्या संशोधकांनी २०१३ साली झेनियाच्या जवळच्या नातलगावर, हेटेरोझेनियावर, काम करून दाखवलं की पंजे उघड-मीट करून तो जीव भोवतीचं पाणी ढवळतो, अंगाजवळ साचलेला ऑक्सिजन दूर करतो आणि त्यामुळे प्रकाशसंश्लेषण कितीतरी वाढतं. त्याच निरीक्षणात हे जीव दुपारी थोडा वेळ थांबून विश्रांती घेतात असंही दिसलं. म्हणजे कामावरून जेवायला घरी आलेला आमचा सभासद काचेत डोकावतो, झेनिया वामकुक्षी घेत असते, आणि हा बाटली शोधायला कपाट उघडतो!

बैठकीत टाळ्या पडल्या त्या मात्र हाजी अलीच्या दाखल्याला. ‘सॉफ्ट कोरलला घाण पाणी आवडतं, उगाच पाणी बदलत बसू नका’ हे दुसरं कलम. पुरावा म्हणून ते म्हणाले, ओहोटीला हाजी अलीच्या खडकांवर जाऊन या. सांडपाणी, प्लास्टिक, पावसाळ्यात वरून गोडं पाणी, आणि तरी झोआंच्या, म्हणजे झोआँथिड जीवांच्या, सतरंज्या पसरलेल्या आहेत.

दाखला खरा आहे, आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. मीही तिथे गेलोय. पाणी उतरलं की त्या सतरंजीतला एकेक जीव शर्टाच्या बटणाएवढा मिटतो, बुळबुळीत होतो आणि उन्हात तसाच पडून राहतो. तास-दोन तासांनी पाणी परत येतं, तो उघडतो. एवढं सोसणाऱ्या जीवाला आपला टँक म्हणजे चैन वाटायला हवी, हा युक्तिवाद ऐकायला पटतो.

पण त्या खडकावर घडतंय काय ते बघा. मुंबईची मोठी भरती चार मीटरच्या वर जाते. दिवसातून दोनदा अरबी समुद्र स्वतः येऊन तिथलं पाणी बदलून जातो. ‘पाणी बदलू नका’ म्हणणाऱ्या कलमाला याहून उलटा पुरावा मिळणं कठीण. आमच्यातल्या कुणी दिवसाला दोनदा शंभर टक्के पाणी बदलल्याचं माझ्या ऐकिवात नाही. तिथे आलेलं विष सहा तासांत वाहून जातं. दोनशे लिटरच्या काचेत ते राहायलाच येतं. शिवाय गढूळ पाण्यामुळे तिथे प्रकाश बेताचा, आपल्याकडे वीतभर उंचीवर एलईडी. आणि मुख्य म्हणजे त्या खडकावर आपल्याला दिसतात ते टिकलेले; जे टिकले नाहीत त्यांची सतरंजी दिसणार कशी? दुकानातलं कोरल इंडोनेशियासारख्या ठिकाणाहून, प्रवाळभिंतीवरच्या नितळ पाण्यातून, पिशवीत बसून विमानाने आलेलं असतं. कोळ्याचं पोर भर पावसात खाडी पोहून जातं म्हणून आपण पाहुण्यांच्या पोराला खाडीत ढकलत नाही.

(जाता जाता: या दाखल्याने स्फुरण चढून कुणी हाजी अलीला स्क्रू-ड्रायव्हर घेऊन जाऊ नये. तिथले दगडी प्रवाळ वन्यजीव कायद्याने संरक्षित आहेत; किनारी रस्त्याच्या कामासाठी २०२० साली ते परवानगी काढून, शास्त्रज्ञांच्या हातून हलवावे लागले. झोआच्या सतरंजीखाली काय चिकटलंय हे आपल्याला कळत नाही.)

आता गंमत अशी की दुसरं कलम घाण पाण्याची तरफदारी करतं आणि पाचवं म्हणतं, फॉस्फेट रिमूव्हर लावून नायट्रेट-फॉस्फेट शून्यावर आणा. एकाच कागदावर! दोन्ही मानणारा सभासद करणार तरी काय? पाचव्यातला तोटा मी स्वतः भोगलाय. आकडे शून्यावर आणल्याच्या कौतुकात असताना माझे मश्रूम कोरल फिकट होऊन आकाराने निम्मे झाले आणि वाळूवर डायनोफ्लॅजलेटचा तपकिरी, बुडबुडेदार चिकटा पसरला. कोरलच्या ऊतींत राहणाऱ्या शैवालालाही नायट्रोजन-फॉस्फरस लागतो. नायट्रेट पाच ते दहा, फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएम, आणि ते आठवड्यामागून आठवडे तसंच, एवढं पुरे.

‘सॉफ्ट कोरल’ हे दुकानातल्या खणाचं नाव आहे, कुळाचं नव्हे. लेदर, झेनिया, जीएसपी हे आठ भुजांवाले खरे मऊ प्रवाळ. झोआ आणि मश्रूम त्यांच्यातले नाहीतच. मश्रूम तर दगडी प्रवाळांना जास्त जवळचे. त्या सगळ्यांना एकच औषध सांगणारा कागद इथेच निम्मा बाद व्हावा.

चौथ्या कलमात मात्र निष्काळजीपणा आहे: ‘पाणी आरओचंच वापरा, घरच्या फिल्टरचं चालेल.’ नाही चालत. डोंबिवलीच्या माझ्या एका मित्राची झेनिया मार्चमध्ये विरघळली, अक्षरशः, दोन दिवसांत पांढरा लगदा. मग लेदर मिटलं, झोआ निम्मे उघडायला लागले. त्याने पाणी तपासलं. नायट्रेट आठ, अल्कलिनिटी साडेआठ, तापमान सव्वीस. ‘सगळं नॉर्मल आहे रे,’ तो फोनवर म्हणाला. हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता त्याचा अर्थ ‘ज्याचं किट माझ्याकडे आहे ते नॉर्मल आहे’ एवढाच घेतो. त्याच्याकडे जाऊन काचेत पाहिलं तर कोरलपेक्षा गोगलगाईंनी जास्त सांगितलं. काचेवरचं शेवाळ खाणाऱ्या सात-आठ गोगलगाई वाळूत उताण्या पडलेल्या, काही रिकामे शंख. मासे मजेत. मासे मजेत आणि गोगलगाई मेल्या, की माझ्या डोक्यात पहिलं नाव येतं ते तांब्याचं.

तांबं येणार कुठून? ‘काय बदललं’ या प्रश्नाचं उत्तर शेवटी वहिनींनी दिलं. जानेवारीत स्वयंपाकघरातला फिल्टर बदलला होता. नव्या यंत्रावर ठळक अक्षरांत जाहिरात: तांब्याच्या भांड्यातल्या पाण्याचे गुण. आपल्याकडच्या अनेक घरगुती यंत्रांत आता असं तांब्याचं कार्ट्रिज असतं, आणि चवीसाठी थोडे क्षारही परत मिसळले जातात. टीडीएस पेन बुडवला तर ऐंशी. रीफ टँकसाठी ते शून्याच्या आसपास हवं. यंत्राचा यात काही दोष नाही. ते माणसांसाठी आहे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात तांब्याची इष्ट मर्यादा लिटरला ०.०५ मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर १.५ पर्यंत चालतं. समुद्राच्या पाण्यात ते ०.००१ मिलिग्रॅमच्याही खाली असतं. म्हणजे आपल्या दृष्टीने शुद्ध असलेलं पाणी कोरलच्या दृष्टीने पन्नासपट तांबं घेऊन येऊ शकतं. आणि माशांवरचे पांढरे ठिपके घालवायला तांब्याचं औषध देतात तेव्हा ०.१५ ते ०.२ मिलिग्रॅम पुरतं. ते देताना कोरल आणि गोगलगाई आधी बाहेर काढायच्या असतात, ते मरतात म्हणूनच.

त्यात पुन्हा हिशेब साचण्याचा आहे. त्याच्या टँकमधून पंख्यामुळे दिवसाला तीन लिटर पाणी उडायचं आणि तेवढंच तो रोज घालायचा. दोन महिन्यांत १८० लिटर. पाणी उडतं, तांबं उडत नाही. कागदातले आयोडीन, अमिनो आणि जास्त लाइट हे तिन्ही उपाय त्याने तोपर्यंत करून पाहिले होते. आम्ही बाटल्या बंद केल्या, डीआय रेझिनचं भांडं लावलेलं साधं आरओ आणलं, आठवड्याला वीस टक्के पाणी बदललं आणि तांबं शोषणारं माध्यम टँकखालच्या सम्पमध्ये ठेवलं. लेदर वाचलं. झेनिया गेली ती गेली.

सॅलिनिटीचा तर कागदात उल्लेखच नाही, आणि मे महिन्यात मिटलेल्या निम्म्या टँकचं कारण तेच असतं. साधा हिशेब आहे. दोनशे लिटर पाण्यात ३५ पीपीटीने सात किलो मीठ. सहा दिवस रोज तीन लिटर उडाले आणि तुम्ही गावाला गेलात, तर १८२ लिटरमध्ये तेच सात किलो, म्हणजे साडेअडतीस. परत आल्यावर घाईघाईत ते अठरा लिटर मिठाच्या पाण्याने भरून काढलंत तर आकडा अडतीसवरच अडकतो, आणि पुढच्या आठवड्यात हीच चूक केली की एकेचाळीस. उडालेलं पाणी गोडं असतं, ते गोड्यानेच भरायचं. आणि हे ज्यावर मोजता तो रिफ्रॅक्टोमीटर ३५ पीपीटीच्या द्रावणाने जुळवलेला असावा. प्लॅस्टिकच्या काट्याच्या हायड्रोमीटरवर एक बुडबुडा चिकटला तरी काटा खोटं बोलतो.

यातलं काहीच नसेल तर शेजाऱ्यांकडे बघा. मऊ प्रवाळांना दगडी कवच नाही, पण दुबळे म्हणणं चूक. ते रसायनांनी लढतात. सार्कोफायटनमधलं सार्कोफिन हे द्रव्य १९७४ मध्येच वेगळं काढलं गेलं, आणि ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर ऐंशीच्या दशकात झालेल्या प्रयोगांत मऊ प्रवाळांच्या अशा द्रव्यांनी जवळच्या दगडी प्रवाळांना इजा होते हे दिसून आलं. समुद्रात ते विष पातळ होतं. दोनशे लिटरमध्ये लेदर, सिन्युलेरिया आणि तीन-चार दगडी कोरल कोंबले की सगळेच एकमेकांचं पाणी पितात. यावर उपाय स्वस्त आहे: ॲक्टिव्हेटेड कार्बन, नीट धुऊन, दर दोन-तीन आठवड्यांनी बदललेला. एवढंच, की वर्षभर कार्बन वापरला नसेल तर एकदम मूठभर टाकू नका. पाण्यातला पिवळटपणा एका रात्रीत जातो, प्रकाश जास्त खोल उतरतो आणि कोरल उन्हाने पोळल्यासारखं होतं. मग पुन्हा कुणीतरी कार्बनला नावं ठेवतो.

घरातला धूरही असाच पाण्यात पोचतो. डास घालवायच्या लिक्विडमध्ये आणि कॉइलमध्ये पायरेथ्रॉइड असतं, जे माशांना आणि कोळंबीवर्गीय जीवांना फार घातक आहे, आणि एअर पंप खोलीतली हवाच पाण्यात सोडतो. म्हणून माझ्या हॉलमध्ये मी डासांची जाळी बसवून घेतली.

कॅल्शियमच्या तिसऱ्या कलमावर वेळ घालवत नाही. मऊ प्रवाळांच्या अंगात चुनखडीच्या बारीक काड्या असतात, पण त्यांना लागतं ते नेहमीच्या मिठातून मिळतं.

राहिलं सहावं. ‘झोआवर शेवाळ किंवा किडे असतील तर ब्रशने जोरात घासा, दगड खराब झाला असेल तर उकळत्या पाण्यात टाका, सगळं मरतं.’ सगळं मरतं यात माणूसही येऊ शकतो. झोआंच्या भाऊबंदांत, विशेषतः पॅलीथोआमध्ये, पॅलिटॉक्सिन असू शकतं. हवाईतल्या माउई बेटावर हाना गावाजवळच्या एका डबक्यातल्या ‘शेवाळा’ने भाल्याची टोकं माखली तर शत्रू वाचत नाही, अशी स्थानिकांची जुनी आठवण होती. १९७१ मध्ये रिचर्ड मूर आणि पॉल शॉयर यांनी ते शेवाळ नसून पॅलीथोआ असल्याचं आणि त्यातलं विष ज्ञात विषांत अत्यंत जहाल असल्याचं जाहीर केलं. हे विष उकळून नष्ट होत नाही. उकळल्याने आणि घासल्याने त्याचे तुषार हवेत जातात. मग तोंडात धातूची चव, ताप, अंग दुखणं, धाप. त्यावर उतारा नाही. २०१८ साली इंग्लंडमध्ये घरच्या टँकमधलं कोरल साफ करताना अख्खं कुटुंब रुग्णालयात गेलं, मदतीला आलेल्यांनाही त्रास झाला. कुठला पॅली विषारी आणि कुठला नाही हे रंगावरून कळत नाही. हातमोजे आणि चष्मा घालायचा, काम पाण्याखाली करायचं, हाताला चीर असेल तर करायचंच नाही, आणि काही झालं तर डॉक्टरांना ‘पॅलिटॉक्सिन’ हा शब्द लिहून दाखवायचा, कारण त्यांनी तो ऐकलेला असेलच असं नाही.

आयोडीनवरून आमचं भांडण पुढची दहा वर्षं चाललं तरी माझी तक्रार नाही. चहा गार व्हायला कारण हवंच. पण सहाव्या कलमावर भांडण होऊ शकत नाही. पुढची बैठक याच महिन्यात आहे. ज्येष्ठांनी तिथे उभं राहून ते कलम जाहीरपणे मागे घ्यावं, आणि ज्यांच्या फोनमध्ये त्या कागदाचा फोटो आहे त्यांनी बैठकीची वाट न पाहता आजच तो काढून टाकावा.